शालिग्रामचा अंगठा

हे कोणी मानणार नाही, आणि मानू नये असंच माझं म्हणणं आहे, कारण माझं मानून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. पण तुमच्या मोबाइलवर अलार्म लावताना आकड्यांचं जे चाक अंगठ्यानं वरखाली फिरतं, अंगठा उचलला तरी थोडं फिरत राहतं आणि मग खट्‌कन एका आकड्यावर बसतं, ते चाक जगात सगळ्यात आधी माझ्या अंगठ्याखाली फिरलं. रायपुरात, चौबे कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली साडीला फॉल लावून देणारं दुकान होतं. साल २००४, महिना डिसेंबर. अमेरिका, जपान वगैरे सगळे नंतर आले. आणि ते चाक मी सलग तेरा आठवडे नापास केलं.

मी वासुदेव. आडनाव सांगत नाही, वीज खात्यातली दोघंतिघं अजून जिवंत आहेत. आजोबा आर्वीहून रेल्वेच्या नोकरीला रायपुरात आले, वडील रेल्वेतच राहिले, मी तेवढा खांबावर चढलो आणि पुढे मीटर रीडर झालो. एकतीस वर्षं घरोघर मीटर वाचले. चोवीस कुत्री चावली, त्यातली दोन नंतर मेली. माणसं दार उघडायच्या आधी कुलूप पाहून सांगायचो, आत भांडण चालू आहे की कढी.

मी रिटायर झालो तेव्हा छत्तीसगड राज्य चार वर्षांचं होतं. पाट्यांचा रंग ओला, भोपाळहून आलेले साहेब अजून पाण्याला नावं ठेवत होते. त्यातल्याच कोणीतरी ठरवलं की रीडरनं आता वही घेऊन फिरायचं नाही, हातात मावेल असं मशीन घेऊन फिरायचं. पाटीच्या चतकोराएवढं मशीन, काचेचा पडदा, पोटात खुपसलेली प्लॅस्टिकची काडी. त्यातला प्रोग्राम लिहायचं काम नागपूरच्या स्वानंद नावाच्या पोराला मिळालं. त्यानं चौबे कॉलनीत फ्लॅट घेतला, चार टेबलं टाकली आणि बाहेर कंपनीची पाटी लावली. करारात एक कलम होतं: प्रत्यक्ष मीटर वाचलेल्या माणसानं मशीन तपासून ‘ठीक’ असं लिहून सही केली पाहिजे. तो माणूस मी.

मला खिडकीपाशी वेताची खुर्ची मिळाली. ही खुर्ची ध्यानात ठेवा, सगळी भानगड तिचीच आहे. सकाळी दहाला मी तिच्यात बसायचो, साडेदहाला चहा यायचा आणि कोणीतरी म्हणायचं, "काका, चहा." संध्याकाळी सहाला उठायचो.

आता तुम्ही विचाराल, घर नव्हतं का? होतं की. बुढापाऱ्यात, तलावाच्या मागच्या गल्लीत, तीन खोल्या आणि एक ओसरी. त्यात माणसं आठ. प्रमोदिनी, म्हणजे आमची मंडळी. तिची थोरली बहीण कांताबाई, चार दिवसांसाठी म्हणून आलेली, सन अठ्ठ्याऐंशीत. दोन पोरं, दोन सुना, नातू ओजस, आणि मी. सकाळ झाली की एक टीव्ही, दोन रेडिओ, कांताबाईंची इस्त्री, सुनांचा मिक्सर आणि बादलीत सोडायची पाणी तापवायची रॉड, सगळं एकदम. मला माझ्याच घरात टेकायला जागा नव्हती. म्हणून ती खुर्ची. दुसरं काही कारण नाही.

समोरच्या टेबलावर यामिनी बसायची. चोवीस वर्षांची पोट्टी, यवतमाळची. कॉलनीतच एका घरी खोली घेऊन राहायची. रायपुरात तिचं ओळखीचं कोणी नव्हतं. डबा उघडून खिडकीशी उभी राहून जेवायची, कारण बसलं की एकटं जेवल्यासारखं वाटतं म्हणे. आईला रोज फोन करायची आणि रोज एकच सांगायची, "हो, जेवली. हो, आहेत इथं मराठी लोक. एक काका आहेत."

मशीनमध्ये आकडा भरायचा भाग लिहायचं काम तिच्या टेबलावर होतं. मीटरच्या खिडकीत आकड्यांची पाच चाकं असतात, ती तुम्ही पाहिली असतील. मशीनमध्ये आकडा भरायला तयार पेटी मिळायची, तिला वर-खाली दोन बाण, मोहरीएवढे. काडीनं टोचले तर चालायचे. पण रीडरची काडी पहिल्याच आठवड्यात हरवते, हे मी ब्रह्मदेवाला लिहून द्यायला तयार होतो. मग बोटानं ते बाण दाबायचे कसे?

"मीटरसारखंच कर की," मी पहिल्याच दिवशी म्हटलं. "पाच चाकं. डोळ्याले दिसते तसं अंगठ्यानं फिरवायचं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "काका, चाक तयार नाही मिळत. ते मले स्वतः काढावं लागेल. एकेक आकडा, एकेक सावली. अंगठा टेकला, अंगठा सरकला, अंगठा उचलला, एवढे तीनच निरोप मशीन मले देते. बाकी सगळं माझ्या डोक्यावर."

"मग डोकं कशाले असते?"

आठ दिवसांत तिनं चाक काढलं. आधी ते व्होल्टेज कमी असल्यासारखं लुकलुकत होतं. मी विचारलं, काहून? ती म्हणाली, प्रत्येक आकडा पडद्यावर पुसून पुन्हा काढला जातो, ते पुसणं डोळ्याला दिसतं. मग तिनं युक्ती केली. अख्खं चाक आधी पडद्यामागे काढायचं आणि पूर्ण झालं की एकदम पुढे आणायचं. म्हटलं, म्हणजे अंतरपाट. नवरी आधी मागे नटवायची, मग पाट दूर. ती इतकी हसली की स्वानंद केबिनमधून बाहेर आला. त्या फ्लॅटमध्ये कोणी हसल्याचा तो पहिलाच प्रसंग असावा.

त्याच दुपारी स्वानंद फोनवर कोणाला तरी सांगत होता ते मी ऐकलं. "चाक पास झालं की यामिनी हैदराबाद जॉइन करते आहे. और काका का भी काम खत्म."

मी अंगठ्याखालचं चाक फिरवून पाहिलं. ते तुपात सोडल्यासारखं फिरत होतं. आकडा बसत होता, हलत नव्हता, चुकत नव्हता. तपासणीचा कागद माझ्या पुढ्यात होता. मी त्यावर लिहिलं: नापास.

"काका?" यामिनी म्हणाली. "काय झालं त्याले?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "माझ्या हातात चालते. पण शालिग्रामच्या हातात नाही चालणार."

शालिग्राम कोण, हे त्या क्षणापर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. बोलता बोलता तो आकाराला आला. अभनपूरचा रीडर, माझा जुना जोडीदार, सत्तावन्न साली जन्मलेला, आणि फ्यूज बदलताना अंगठ्याचं टोक जळून सपाट झालेला. "त्याचा अंगठा म्हणजे खुरपं आहे," मी म्हटलं. "एका चाकावर ठेवला तर दोन चाकं फिरतील."

यामिनीनं दोन दिवस काम केलं. चाक दिसतं तेवढंच असलं तरी अंगठा कुठे टेकला हे त्याच्या आसपासच्या जागेवरूनही ओळखावं, आणि दोन चाकांवर पडला तर जिथे जास्त भार तेच फिरावं, अशी तजवीज केली. मी तपासलं. खुरप्यानंही चाललं असतं. मग मला आठवलं की शालिग्राम डावखुरा आहे आणि त्याचा पंजा अख्खा आकडा झाकून टाकतो. तिनं अंगठ्याच्या वर मोठा आकडा तरंगता केला. मग उन्हाचं आलं. अभनपूरकडचं ऊन, तिथे पडदा डबक्यासारखा दिसतो, शालिग्राम त्यात स्वतःच्या मिशा पाहत बसतो. तिनं रंग उलटे केले, आकडे जाड केले. मग कुत्रं आलं.

"रीडिंग अर्धं भरलं अन् कुत्रं मागं लागलं," मी सांगितलं. "शालिग्राम पळते. पळता पळता अंगठा घासते. चार हजाराचे नऊ हजार. त्या घरचा माणूस दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड घेऊन आला."

"कुऱ्हाड?"

"लहान होती."

यामिनीनं पेन खाली ठेवलं, माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाली, "कुत्रं कोणत्या रंगाचं होतं काका?"

"तांबडं. एक कान पांढरा."

"बरं." मग तिनं कुलूप बसवलं. आकडा लागला की अंगठा दाबून धरायचा, चाकं गोठतात, मग वाघ मागे लागला तरी हलत नाहीत.

असा एकेक आठवडा जात होता. आज लोक म्हणतात, अमुक कंपनीनं इतकं बारीक काम केलं, तमुकनं इतका विचार केला. विचार कसला, डोंबल. माझ्या शालिग्रामला एक नवी अडचण आली की चाकाला एक नवं शहाणपण यायचं.

मधल्या वेळात मी तिला मीटर शिकवत होतो. कारण चाक काढणाऱ्या पोरीला चाकामागचं घर कळायला नको? मीटरच्या नंबरचे पहिले दोन आकडे म्हणजे भाग, हे शिकवलं. चौदा म्हणजे चौबे कॉलनी, एकवीस म्हणजे बुढापारा, पस्तीसच्या पुढे गावाबाहेर, अभनपूरकडे. चार नि पाचच्या मध्ये आकडा अडकला तर नेहमी खालचा घ्यायचा, हे शिकवलं. मग तिनं चाकाला अर्ध्यावर थांबणंही शिकवलं. आणि युनिटवरून घर कसं वाचायचं ते सांगितलं.

"नवं लग्न झालं की युनिट कमी होतात, वर्षानं वाढतात. दहावीची पोट्टी असली की दोन महिने वाढतात. कोणी अंथरुणाला खिळलं तर रात्रीचा दिवा जळते, ते कळते."

"आन लय कमी असले तर?"

"महिन्याचे पंधराच्या खाली गेले, की मी रकान्यात लिहायचो, घर बंद."

"घरात माणूस दिसला तरी?"

"एखादा माणूस दिसते कधी कधी. त्यानं काही घर उघडं होत नाही."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. सगळंच लिहून घ्यायची, तिची सवय होती.

फेब्रुवारीत तिच्या डोक्यात आलं की चाक फिरताना आवाज यायला हवा. बघायची गरजच पडू नये, कानाला कळावं आकडा बसला. तिनं टिचक्या वाजवून पाहिल्या, पेनाचं टोपण, डब्याचं झाकण. काही जमेना. दुसऱ्या दिवशी मी घरून जुना काळा स्विच घेऊन आलो, बोटाएवढ्या दांडीचा, मधल्या खोलीच्या भिंतीवरचा. टेबलावर धरून दाबला. खट्.

"हाच!" ती ओरडली. "काका, पण घरच्या खोलीत आता लाइट कसा लागेल?"

"बोंबाबोंब आहे घरात," मी म्हटलं. "सुना रुसल्या. ओजस अंधारात भिंतीले धडकला."

तिनं तो आवाज मशीनमध्ये भरला. मी स्विच परत नेला नाही. तिच्या टेबलावरच राहिला. काम करता करता ती तो उगाच दाबायची. खट्. मला खिडकीपाशी ऐकू यायचं. कोणीतरी शेजारच्या खोलीत दिवा लावल्यासारखं वाटायचं.

ती मला दर शनिवारी विचारायची, "काका, सोमवारी पाटोड्या आणता ना? काकूंच्या हातच्या?" मी दर शनिवारी हो म्हणायचो. दर सोमवारी काहीतरी व्हायचं. एकदा ओजसनं डबा खाल्ला. एकदा कांताबाईंनी शेजारी वाटल्या. एकदा माकड आलं, खिडकीतून, अख्खा डबा. ती म्हणायची, "तुमच्या घरी लय लोक, लय माकडं." मग ती तिची पोळी आणि बटाट्याची भाजी मला अर्धी द्यायची, आणि त्या दिवशी मात्र खुर्ची ओढून बसून जेवायची.

रविवारी ऑफिस बंद असायचं. म्हणून शनिवारी संध्याकाळी मी मशीन पिशवीत घालून न्यायचो. सांगायचो, उद्या अभनपूरला जातो, शालिग्रामच्या घरी त्याचंच मीटर त्याच्याच अंगठ्यानं वाचून घेतो. अभनपूर कुठलं? मी माझ्या ओसरीत स्टुलावर बसायचो, मीटरखाली. मशीन मीटरचा नंबर मागायचं, मग रीडिंग. आता इथे माझी एक खोड सांगितली पाहिजे. तोंडानं मी काहीही सांगेन. कुत्रं, कुऱ्हाड, माकड, काही म्हणाल ते. पण समोर मीटर असताना खोटा आकडा माझ्याकडून भरला जात नाही. यात साधूपणा नाही. एकतीस वर्षांत एकदाही भरला नाही, आता अंगठा वळत नाही, बस. म्हणून मी माझ्याच मीटरचा नंबर टाकायचो आणि माझ्याच मीटरचा आकडा फिरवायचो. खट्, खट्, खट्. वर शालिग्रामचं नाव.

दुपारभर तिथेच बसायचो. मीटरच्या काचेआड ती चकती असते, तिच्या कडेला एक तांबडी खूण. खूण समोर येते, निघून जाते, पुन्हा येते. मी मोजायचो. घरची सगळी माणसं दुपारी झोपलेली असायची, म्हणून चकती फार हळू फिरायची. कधी कधी तर थांबूनच जायची. मग मी उठून ओसरीतला दिवा लावायचो, भर दुपारी, आणि खूण परत निघायची.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात स्वानंदचा धीर सुटला. "काका, यार, किती? साहेब लोक रोज फोन करून राहिले. ह्या शालिग्रामले इकडं बोलवा एकदा."

"तो येत नाही शहरात. त्याले इथलं पाणी लागते."

"मग मी जाते," यामिनी म्हणाली. तिनं पडद्यावरून मान वर केली नव्हती. "उद्या रविवार आहे. काका तसेही जाऊनच राहिले. मी संग येते."

मी त्या रात्री शालिग्रामला मारायचं ठरवलं होतं. हार्टफेल, झोपेत, साधंसोपं. पण सकाळी छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीपाशी ती उभी होती, पंजाबी ड्रेस, पाठीवर पिशवी, हातात दोन तिकिटं, आणि चेहरा असा की यवतमाळ सोडल्यापासून पहिल्यांदाच कुठेतरी जायला निघाली आहे. अशा माणसाला काय सांगता, की सुतकात चाललो आहोत?

ती गाडी तुम्ही आता पाहणार नाही. इतकी हळू, की एकदा मी चालत्या गाडीतून उतरून विडी पेटवून परत चढलो होतो. तेलीबांधा गेलं, माना गेलं. यामिनी खिडकीतून सगळं दाखवत होती. बगळे, वीटभट्टी, सायकलवर चाललेली खाट. मी मनात शालिग्राम शोधत होतो.

अभनपूरला उतरल्यावर मी म्हटलं, तो बाजारात भेटेल, तू इथं चहा घे. आणि तडक पुढे गेलो. रस्त्याच्या कडेला एक माणूस बोरं विकत बसला होता. पन्नाशीचा. मिशा होत्या. आणि अंगठा, देवाशपथ, खुरपं. मी त्याच्यापुढे बसलो. "भैया, एक लडकी आएगी. वो तुमको शालिग्राम बोलेगी. तुम बस हव बोलना. ये सब बेर मैं लेता हूँ."

"हव," तो म्हणाला.

यामिनी आली. "शालिग्राम भैया?"

"हव."

"आपको कुत्ता काटने दौड़ा था?"

"हव."

"लाल था?"

"हव."

"काका, कुऱ्हाडीचं विचारू का?" ती मराठीत म्हणाली. मी बोरं निवडत होतो.

मग तिनं पिशवीतून मशीन काढलं, या खेपेला ते तिनंच ठेवून घेतलं होतं, आणि त्याच्या हातात दिलं. शेजारच्या सायकल दुकानाच्या भिंतीवर मीटर होतं, खालीच, डोळ्यासमोर. ती म्हणाली, "भैया, वहाँ जो नंबर दिखता है, वही यहाँ लाना है."

माणसानं मशीन उलटं धरलं, सुलटं केलं. "अंगूठा ले घुमाना हे?"

"हव," यामिनी म्हणाली.

त्यानं बोरांचा चिकट अंगठा पँटला पुसला आणि पहिल्या चाकावर ठेवला. खट्. दुसऱ्यावर. खट्, खट्. भर अकराचं ऊन होतं आणि पडद्यावरचे आकडे डांबरासारखे काळे दिसत होते. तिसरं चाक त्यानं जोरात सोडलं, ते भिरभिरलं, हळू झालं, बसलं. तो हसला. चौथं चाक त्यानं नुसत्या गंमतीसाठी दोनदा फिरवून पुन्हा जागेवर आणलं. शेवटचा आकडा मीटरवर सहा नि सातच्या मध्ये अडकला होता. त्यानं मीटरकडे पाहिलं, चाक तसंच मध्ये थांबवलं आणि विचारलं, "अइसने?"

जन्मात मीटर न वाचलेला माणूस. मशीन न पाहिलेला. काडी नाही, शिकवणी नाही. आणि पाचही आकडे बरोबर. तेवढ्यात एक कुत्रं येऊन टोपली हुंगायला लागलं. त्यानं अंगठा दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं कुत्र्याला हाकललं. चाकं हलली नाहीत.

कुत्रं तांबडं होतं. कानाबद्दल मी काही म्हणत नाही.

परतीच्या गाडीत यामिनीनं तपासणीचा कागद माझ्या मांडीवर ठेवला, पेनाचं टोपण काढून पेन हातात दिलं. डब्यात बायाबाप्ये, टोपल्या, एक शेळी. मी खिडकीबाहेर पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मनात निदान तीन अडचणी तयार होत्या. पाऊस, भूकंप, शालिग्रामचा मोतीबिंदू. पण आकडा मी डोळ्यांनी पाहिला होता. पाहिलेला आकडा खोटा लिहिता येत नाही. मी लिहिलं: ठीक. खाली सही केली. गाडीच्या धक्क्यानं ती जराशी वाकडी आली.

तिनं कागद घडी करून पिशवीत ठेवला. "आता मी बुधवारी चालली हैदराबादले."

"जा. मोठं शहर आहे. खाणं तिखट असते."

"आन तुम्ही?"

"मले काय धाड भरली? घर आहे, माणसं आहेत."

"मग असं करू काका," ती म्हणाली, "स्टेशनवरून सरळ तुमच्या घरी जाऊ. काकूंच्या पाटोड्या खाल्ल्याशिवाय मी रायपूर सोडत नाही."

"आज? आज कशी येशील, पोट्टी? आज घरात पाय ठेवाले जागा नाही. कांताबाईंच्या सासरचे लोक आले आहेत. थोरल्यानं नवा टीव्ही आणला, तो पाहाले गल्ली लोटली. मिक्सर, इस्त्री सगळं चालूच आहे सकाळपासून..."

तिनं मशीन बाहेर काढलं. मान खाली घालून त्यातलं जुनं काहीतरी उघडलं आणि पहिलं चाक फिरवलं. खट्.

"शालिग्राम खोटा आहे, हे मले कुत्र्याच्या दिवशीच कळलं होतं," ती म्हणाली. "कान पांढरा म्हटला ना तुम्ही, तेव्हाच. मी म्हटलं, चालू द्या. मलेबी रविवार मोठा जाते. काका काहीतरी आणतील, आपण ते दुरुस्त करू. पण काल बसून मी सगळे रविवार उघडले. फेब्रुवारीचा पहिला. चार हजार तीनशे शहाऐंशी. मार्चचा पहिला. चार हजार तीनशे सत्त्याण्णव."

"शालिग्राम काटकसरी..."

"मीटरचा नंबर एकवीसनं सुरू होते काका."

मी बोरं काढून तिच्यापुढे धरली. तिनं घेतली नाहीत. शेळीवालीसुद्धा आमच्याकडे पाहायला लागली होती, कारण यामिनीचा आवाज आता चढला होता आणि तो नीट लागत नव्हता.

"एक टीव्ही, दोन रेडिओ, इस्त्री, मिक्सर, पाण्याची रॉड. आठ माणसं. आन महिन्याचे अकरा युनिट? पंधराच्या खाली काय लिहायचं ते तुम्हीच मले शिकवलं. खोटं बोलून राहिले तुम्ही, काका. पहिल्या दिवसापासून. घर बंद आहे तुमचं."